चित्राखालची एक ओळ

मोदेना,
१९ मार्च २०२४

प्रिय लेआर्को,

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून तुला नवल वाटेल. फोनच करणार होतो, पण फोनवर आपण दोघं इकडचं तिकडचं बोलत बसतो आणि मुख्य ते राहून जातं. म्हणून कागद घेतला.

घरी सगळं ठीक आहे. आन्येझेनं बाल्कनीतल्या कुंड्यांत पार्सली पेरली आहे आणि कबुतरांशी तिचं रोजचं युद्ध चालू आहे. माझा गुडघाही ठीक आहे. तसा तो कधी बिघडलाच नव्हता. रेज्जोच्या चित्रकथांच्या सहामाही जत्रेला न येण्यासाठी मी चार वेळा तुझ्यापुढे हा गुडघा केला. तुला तोंड दाखवायचं टाळत होतो, दुसरं काही नाही.

इर्माच्या पानाबद्दल लिहायचं आहे.

ते तू माझ्याकडून विकत घेतलंस त्याला आता नऊ वर्षं झाली. आम्ही लहान घरात राहायला आलो, भिंती कमी पडल्या, आणि तू तर वीस वर्षं त्या पानावर डोळा ठेवून होतास. ‘नावाडीण इर्मा’ या चित्रकथेचं हातानं काढलेलं मूळ शेवटचं पान. पो नदीवर पूल झालाय, नावेचं काम संपलंय, इर्मा नाव बांधून चालू लागते. आन्येझेनं ते जुन्या चादरीत गुंडाळून दिलं. दारात तू म्हणालास, “आपल्या संग्राहक मंडळाच्या संकेतस्थळावरच्या तुझ्या दालनातून काढू नकोस हं. राहू दे तिथेच. फक्त खाली एक ओळ टाक, आता लेआर्कोकडे आहे म्हणून.”

“आजच टाकतो,” मी म्हणालो.

ती ओळ मी टाकली नाही.

आणि मंडळाचे नियम लिहिले होते कुणी? मीच! विकलेलं चित्र एक तर काढून टाकावं, नाहीतर ‘गेलेली चित्रं’ या खोलीत हलवावं; मूळ जागी ठेवायचंच असेल तर नव्या मालकाला विचारून आणि त्याच्या नावासकट. पाहणाऱ्याचा गैरसमज होता कामा नये, हे शेवटचं वाक्य तर माझंच. पादोव्हाच्या त्या दंतवैद्यानं स्वतः विकलेली पानं वर्षभर आपल्या दालनात मिरवली तेव्हा मी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. तू मधे पडलास, “जाऊ दे रे, जीव अडकला असेल बिचाऱ्याचा.”

माझाही अडकला. ओळ लिहायला मी तीन वेळा बसलो. लिहिली की ते पान खरंच गेलं, असं वाटायचं. मग एक दिवस कुणीतरी खाली लिहिलं, ‘काय भाग्यवान आहात!’ आणि मी त्याचे आभार मानले. एकदा आभार मानल्यावर ओळ कुठल्या तोंडानं टाकणार? असे आभार मी पुढे किती जणांचे मानले, आठवत नाही.

तू म्हणशील, एवढंच ना? एवढंच असतं तर मी केव्हाच मान्तोव्हाला येऊन, तुझ्या हातची भोपळ्याचं सारण भरलेली तोर्तेल्ली खाऊन, माफी मागून मोकळा झालो असतो.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मला संकेतस्थळावरून एक निरोप आला. मिरेल्ला नावाच्या बाईंचा, कोमाक्क्योहून. त्यांची आई म्हणजे एल्दा मोर्सियानी. हो, आपली एल्दा मोर्सियानी, इर्मा काढणारी, जिचं नाव आपल्याला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं ती. आपण समजत होतो त्या केव्हाच गेल्या. तर त्या शहाऐंशी वर्षांच्या, जिवंत, आणि त्यांची दृष्टी भराभर जात होती. मिरेल्लानं लिहिलं होतं, ‘डॉक्टर म्हणतात, फार तर वसंतापर्यंत दिसेल. आईला इर्माचं शेवटचं पान एकदा बघायचंय. ते तुमच्याकडे आहे असं तुमच्या दालनात दिसलं. आम्ही कुठेही येऊ. दहा मिनिटं पुरेत.’

लेआर्को, मला फक्त तुझं नाव आणि पत्ता लिहायचा होता. तू त्याच दिवशी पान गाडीत घालून निघाला असतास, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुमच्या दालनात कसं काय? आणि तूही विचारलं असतंस.

मी लिहिलं, ‘पान सध्या फ्रेम बदलायला दिलं आहे. वसंतात बघू.’

त्यांनी आभार मानले. माझे! एप्रिलमध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा मी उत्तरच दिलं नाही. तेव्हापासून माझा गुडघा दुखायला लागला.

गेल्या महिन्यात तिसरा निरोप आला. ‘आईला आता दिसत नाही. तेव्हा दाखवा असं म्हणत नाही. तिला त्या पानावरून नुसता हात फिरवायचा आहे.’ मी संगणक तसाच उघडा ठेवून पाव आणायला गेलो होतो. परत आलो तर आन्येझे खुर्चीत बसलेली.

“कुठलं पान?” तिनं विचारलं. “ते तर लेआर्कोनं नेलं ना? मीच चादर दिली.”

मी पाव टेबलावर ठेवला.

“म्हणजे तू एका आंधळ्या होत चाललेल्या बाईला झुलवत ठेवलंस?”

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “रविवारी कोमाक्क्योला जायचं. गाडी मी चालवते. तुझा भरवसा नाही, तू वाटेतून वळशील.”

परवा जाऊन आलो. एल्दाबाई खिडकीशी बसल्या होत्या. छोटीशी मूर्ती, बोटं मात्र पुरुषासारखी जाड. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. मिरेल्ला रडायला लागली, उठून स्वयंपाकघरात गेली. एल्दाबाई मात्र शांत.

“म्हणजे तुमच्याकडे ते नव्हतंच?” त्यांनी विचारलं.

“नव्हतं.”

“आणि ज्याच्याकडे आहे, त्याला हे माहीत आहे?”

“नाही.”

“अहो, इर्मा छापणाऱ्या त्या मासिकासाठी मी चौदा वर्षं चित्रं काढली. माझं नाव एकदाही छापलं नाही. वाचणाऱ्या मुली पत्रं पाठवायच्या, वर लिहायच्या, ‘प्रिय चित्रकार साहेब’.” मग म्हणाल्या, “मला सॉरी म्हणू नका. माझे डोळे काही त्यानं परत येत नाहीत. आधी त्या माणसाचं नाव लिहा.”

परत येताना आन्येझेनं रस्त्याकडेला गाडी थांबवली आणि मी फोनवरूनच ती ओळ टाकली. नऊ वर्षं लागली, लिहायला मिनिटही लागलं नाही. रात्री मंडळाच्या पानावरही सगळी हकीकत लिहिली, माझ्या नावानं. दंतवैद्यानं अजून काही म्हटलेलं नाही. त्याची सभ्यता.

मिरेल्लाचा पत्ता सोबत जोडला आहे. पान तुझं आहे, जायचं की नाही ते तू ठरव. मला भेटू नये असं वाटलं तर तेही तूच ठरव.

तुझ्या मैत्रीला न शोभलेला,
तार्चिझिओ


मान्तोव्हा,
२८ मार्च

तार्चिझिओ,

ओळ टाकली नाहीस हे मला आठ वर्षं माहीत होतं. बघायचो आणि सोडून द्यायचो. मित्राला एवढ्यातेवढ्यावरून काय टोकायचं, म्हणून. ती सभ्यता मला नडली. टोकलं असतं तर त्या बाईंनी पान डोळ्यांनी बघितलं असतं. हे माझ्या वाट्याचं; तुझं कमी करायला लिहीत नाहीये.

सोमवारी कोमाक्क्योला गेलो. पान टेबलावर ठेवलं, काच काढली. त्या पानाजवळ मी कुणाला शिंकूही देत नाही, तुला माहीत आहे. एल्दाबाईंनी हात धुतले, पुसले आणि एकेका चौकटीवरून बोटं फिरवली. शेवटच्या चौकटीवर थांबल्या. “इथे तुकडा चिकटवलाय ना?”

होता. मी नऊ वर्षं तो कधी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, इर्मानं जाताना मागे वळून बघितलं होतं. संपादकाला ते नको होतं, त्यानं दुसऱ्याकडून पाठमोरं डोकं काढून घेऊन वर डकवलं. “माझी इर्मा खाली आहे का, की त्यानं खरवडून टाकली, एवढंच मला बघायचं होतं.”

कडेचा डिंक वाळून सुटला होता. मी तुकडा नखानं अलगद उचलला.

“आहे?”

“आहे. वळून बघतेय.”

“तोंड मिटलेलं की उघडं?”

“मिटलेलं.”

“मग माझीच,” त्या म्हणाल्या, आणि मिरेल्लाला कॉफी टाकायला सांगितली.

पुढच्या महिन्यात त्यांनी आपल्या दोघांना जेवायला बोलावलंय. आन्येझेलाही. मी येईन. पण मी माझ्या गाडीनं, तुम्ही तुमच्या.

लेआर्को

(वर ‘प्रिय’ आणि खाली ‘तुझा’ लिहायला अजून थोडा वेळ लागेल. विसरलेलो नाही.)