तुझा आवाज त्याने ऐकला

प्रिय मास्तरीणबाई,

आईला नमस्कार, तुला काय हवं ते. मी खुशाल आहे, वजनही वाढलंय. आईचे गुडघे कसे आहेत?

ठरल्याप्रमाणे गुरुवारी सकाळी सहाला तू घरच्या वायरलेस सेटवर बोललीस आणि तुझा आवाज खरंच या दूरच्या ठाण्यापर्यंत पोहोचला! हे उल्का पडण्याचे दिवस. उल्का जळून गेली की तिच्यामागे उरलेल्या रेघेवर आपटून तिकडचा आवाज काही क्षण इकडे येतो. त्या क्षणांसाठी मी महिनाभर छपरावर चढून एरियल नीट करत होतो.

आणि नेमकं तेव्हाच दूध उतू चाललं म्हणून मी स्वयंपाकघरात धावलो. हेडफोन होता ठाण्यावर हवामान नोंदवणाऱ्या माझ्या सोबत्याच्या कानाला.

"वहिनी बोलल्या!" तो ओरडला. "म्हणाल्या, 'डॉक्टरांकडे जाऊन आले, ते म्हणाले की...' आणि मग नुसती खरखर."

"आवाज कसा होता?"

"गोड होता की!"

अगं, आठ महिने मी तुझा आवाज ऐकला नाही आणि हा गडी चहा ढवळत 'गोड' म्हणतो! दोन दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही. त्याची चूक नाही, कळतं मला. पण पोटात दुखायचं ते दुखतंच.

मी असतो तर डॉक्टर काय म्हणाले ते नुसत्या आवाजावरून ओळखलं असतं. त्याला पुन्हा विचारलं तर म्हणतो, "हसत होत्या बहुतेक."

घाबरलीस म्हणजे तुला हसू येतं, हे त्याला कुठे माहीत?

खरं काय ते लगेच लिही.

कान लावून बसलेला,
तुझाच