माझं नाव सांगू नका

८ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, कागद निदान भिंतीला डकवता येतो, असं तू नेहमी म्हणतोस. म्हणून हा कागद खास तुझ्या भिंतीसाठी.

पहिली बातमी अशी की पाण्याच्या प्रयोगशाळेत मला कायम केलं. आता नमुन्याच्या बाटल्यांवर तपासणारीची सही म्हणून माझी सही असते. आईला कळवलं तेव्हा तिनं विचारलं, म्हणजे तू नापास केलंस तर लोकांनी ते पाणी प्यायचं नाही? मी हो म्हटलं, तर तिनं शेजारणीला हाक मारून तेच मला पुन्हा सांगायला लावलं.

दुसरी बातमी ऐकून तू हसशील. मी गेम खेळायचा कॉम्प्युटर करणार आहे. विकत आणणार नाही, एकेक भाग निवडून स्वतः जोडणार आहे. तुझ्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या मशिनींवर खेळत मी मोठी झाले, पण ऐन शर्यतीत शेवटच्या वळणावर मशीनचा मालक दारात हजर व्हायचा आणि तू वायर काढायचास. आजवर एकही शर्यत मी पुरी केलेली नाही. आता पदवीधर झाले, नोकरी लागली, तेवढी एक शर्यत पुरी होऊ दे.

सोबत तक्ता जोडला आहे. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, सगळ्यांना वीज पुरवणारा सप्लाय, कॅबिनेट. कोणाचं कोणाशी जुळतं ते मी माहितीपत्रकं वाचून लिहिलंय. कुठे चुकलं असेल तर लाल पेनानं खूण कर. आणि एक विनंती. माल तुझ्याकडूनच घेईन, पण गिऱ्हाईक म्हणून. भाची म्हणून फुकट दिलास तर मशीन तुझी होईल, माझी होणार नाही.

इथे खोलीवरची मैत्रीण बरी आहे. ती नर्स आहे, त्यामुळे मी शिंकले तरी थर्मामीटर घेऊन येते. तब्येत जप. माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी,
भाची


१५ जानेवारी

चि. तपासनीस बाईंस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तक्ता पोचला. एकदा वाचला, मग चष्मा शोधून पुन्हा वाचला. अगं, लोक घर घेताना एवढी चौकशी करत नाहीत! दुकानात आलेल्या दोघांना दाखवला. एकानं विचारलं, हे कुठल्या इंजिनिअरचं काम? म्हटलं, इंजिनिअर नाही, आमची तपासनीस आहे.

आता लाल पेन. प्रोसेसर आणि बोर्ड यांची बैठक एकच आहे हे बरोबर, पण बोर्ड आधीच्या सालातला आहे. त्याच्या पोटातला प्रोग्रॅम या नव्या पाहुण्याला ओळखणारच नाही, दारातच उभं ठेवील. प्रोग्रॅम नवा करून दिलेलाच बोर्ड घे. रॅम तू नव्या जातीची लिहिलीस, बोर्ड जुन्या जातीची मागतो. दोघांची खाच नखभर इकडेतिकडे असते. बसत नाही म्हणून दाबू नकोस, तुला लहानपणापासून दाबायची खोड आहे. आणि ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटपेक्षा दोन बोटं लांब आहे. टेप लावून माप. माहितीपत्रकातला फोटो टेपला विचारत नाही.

सप्लायचं मात्र मनावर घे. साडेसहाशे वॅटचा लिहिलास, ठीक आहे. पण तो घरातला मुकाट राबणारा माणूस. कोणी त्याच्याकडे बघत नाही, सगळे त्या चमकणाऱ्या कार्डाकडे बघतात. हा कच्चा निघाला तर एकटा जात नाही, सगळं घर घेऊन जातो. तिथे काटकसर नको.

आणि गिऱ्हाईक म्हणून वागव म्हणे! फार शिकलीस. तुझा माल मी वेगळा काढून ठेवणार, शेल्फावरचा देणार नाही. त्यावर वाद नको. मामाला एवढा तरी मान ठेव.

जेवण वेळेवर कर. आठवण ठेवावी, एवढंच मागणं.

तुझा मामा


२३ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मामाची एक गंमत केलीय, ती फक्त तुला सांगते. त्याला बोलू नकोस.

तो काही मला गिऱ्हाईक होऊ देणार नाही. म्हणून मी माझी सगळी ऑर्डर नर्सच्या नावानं आणि तिच्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर मागवली. मामाला वाटेल कोणी परकी बाई आहे. मशीन सुरू झाली की त्याच्यासमोर नेऊन ठेवीन आणि मग सांगीन. त्याचं तोंड कसं होईल याची मी आत्तापासूनच कल्पना करते आहे.

आमच्याकडे नदीवरून नमुने आणणारे ड्रायव्हरकाका आहेत. त्यांच्या मुलीला चित्रं हलवण्याच्या, म्हणजे अॅनिमेशनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय आणि तिलाही असाच दमदार कॉम्प्युटर लागतो. ते बाजारात चार ठिकाणी फिरून गोंधळून आले होते. मी त्यांना तक्ता करून दिला आणि मामाचा पत्ता दिला. म्हटलं, डोळे मिटून घ्या, माझा मामा आहे. फक्त माझं नाव सांगू नका. सांगितलंत तर तो नफा सोडून देईल, आणि कष्टाच्या माणसाचा नफा बुडवणं मला बरं वाटत नाही.

तुझा गुडघा कसा आहे ते लिही. तुझा हात डोक्यावर राहू दे, बाकी काही नको.

तुझी लेक


१९ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथं पाठवते आहे.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या पत्त्यावर एका नर्सनं तुझ्याकडून सगळे भाग मागवले. ती मीच. तू मला गिऱ्हाईक होऊ देत नव्हतास, म्हणून चोरून झाले. तुला हसवायचं होतं. त्याच आठवड्यात एक गृहस्थ स्वतः दुकानात येऊन तशाच यादीचा माल घेऊन गेले. ते आमचे ड्रायव्हरकाका. त्यांना मीच पाठवलं होतं आणि माझं नाव घेऊ नका असंही मीच बजावलं होतं.

परवा सकाळी ते प्रयोगशाळेत आले ते बाटल्यांच्या पेट्या न उतरवताच माझ्या टेबलाशी उभे राहिले. मुलगी अभ्यासाचं पहिलं मोठं काम करत होती. पाच मिनिटं चाललं, मग पडदा काळा झाला आणि जळका वास सुटला. सप्लाय गेला, त्याबरोबर बोर्डही गेला. काका माझ्यावर ओरडले नाहीत. तुमचे मामा म्हणून आपण पावतीसुद्धा मागितली नाही, एवढंच म्हणाले आणि पेट्या उतरवायला निघून गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

माझी मशीन जोडून तयार होती, फक्त सुरू करायची होती. मी सप्लाय काढून प्रयोगशाळेत नेला आणि काट्यावर ठेवला. आठशे सत्तर ग्रॅम. खऱ्या सप्लायच्या पोटात तांबं-लोखंड असतं, तो जड भरायला हवा. आमच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरचा साडेचारशे वॅटचा सप्लाय शेजारी ठेवला, तो त्याच्या दुपटीच्या जवळ भरला. मग मी कापसाला स्पिरिट लावून तुझं लेबल कडेनं भिजवलं. ते अलगद निघालं. खाली दुसरं लेबल होतं. अडीचशे वॅट.

मामा, बाटलीवरचं लेबल आणि आतलं पाणी एकच आहे का, हे बघणं माझं काम आहे. ते काम मी तुझ्याकडे शिकले. मी सातवीत असताना एका बाईंच्या रेडिओत तू जुना भाग घालून नवा सांगितलास असं मला वाटलं होतं, तेव्हा तू मला रेडिओ उघडून दाखवलास आणि म्हणालास, शंका आली की झाकण उघडायचं. आज उघडलं.

सप्लायमध्ये काटकसर नको, हे तूच लिहिलं होतंस. माझा माल वेगळा काढून ठेवतो, शेल्फावरचा देणार नाही, हेही तूच लिहिलं होतंस. ते वाक्य मी नर्सला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, किती जीव आहे बघ म्हणून. शेल्फावर काय आहे ते तुला माहीत होतं.

घाऊकवाल्यानं तुला फसवलं असेल तर तसं लिही. मी विश्वास ठेवीन. ठेवायची मला फार इच्छा आहे.

उत्तराची वाट बघते.

भाची


२५ फेब्रुवारी

चि. तपासनीस हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचलं. दुकान अर्ध्या दिवसात बंद करून घरी येऊन बसलो.

खोटं लिहून तुझ्या हातात दुसरा काटा देणार नाही. सप्लायचे डबे तसेच येतात, लेबल लावून येतात. मला माहीत असतं. रस्त्यावरची सगळी दुकानं तेच ठेवतात. अस्सल माल ठेवला तर भाव ऐकूनच माणूस समोरच्याकडे जातो आणि तिथून हाच डबा घेऊन घरी जातो. मग तो माझ्याकडून गेला तर काय बिघडलं, असं मी मनाला सांगितलं. दहातले आठ जण साधं काम करतात, त्यांचा डबा जन्मभर चालतो. तुझ्या त्या काकांच्या पोरीनं त्याला पहिल्याच दिवशी पळायला लावलं.

पण मलाही विचारू दे. तू नाव का लपवलंस? साधी एक ओळ लिहून पाठवली असतीस, भाचीकडून आलोय, तर त्या माणसाला मी मागच्या खोलीतला डबा दिला असता. घरच्याला मी आजवर वाईट माल दिलेला नाही, कोणाच्याही गळ्याची शपथ घेतो. तूच परकी होऊन आलीस, मग परक्याला देतात ते मिळालं. ह्यात माझी चूक नाही असं म्हणत नाही, पण तुझी काहीच नाही का?

या पत्राबरोबर पार्सल आहे. अस्सल साडेसहाशेचा. खुशाल तोलून बघ, हवं तर फोडून बघ. तो लाव आणि तुझी शर्यत पुरी कर. आईला यातलं काही कळवू नकोस, तिला गुडघ्याचा त्रास पुरेसा आहे.

राग धर, पण माणूस तोडू नकोस.

तुझा मामा


१ मार्च

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

मामा येऊन गेला. जेवला नाही. सगळं सांगून रडला. मी त्याला कधी रडताना बघितला नव्हता, तुझे वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

तू गमतीचं लिहिलंस तेव्हा मी उलट टपाली तुला लिहिलं होतं की असले खेळ करू नकोस, आपल्या नावानं माग. का ते लिहिलं नाही. ते माझं चुकलं. मला माहीत होतं, बाळी. दुकानातले ते डबे मला माहीत होते. तू कॉलेजात गेलीस त्या साली त्यानं ते पहिल्यांदा आणले. तोवर त्याच्याकडे नसायचे. तुझी फी भरून आला त्या दिवशी मला म्हणाला, ताई, आता पोरगी शिकेल, बाकी आपण बघून घेऊ. मी काय बघून घेणार होते? मी गप्प बसले आणि तू पहिली आलीस की पेढे वाटत सुटले.

आता एका डब्यापायी त्याला दूर लोटू नकोस. आपल्यासाठी केलं त्यानं. मी फार शिकलेली नाही, मला एवढंच कळतं.

स्वतःला सांभाळ. आईला विसरू नकोस.

आई


७ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. तोललं. दोन किलो शंभर ग्रॅम भरलं. लेबलाखाली दुसरं लेबल नाही.

पार्सलात एकच डबा होता. मी कागदाचे गोळे काढून दोनदा बघितलं. तुझ्या पत्रात मी दोन फसलेल्या घरांबद्दल वाचायला बसले होते, आणि तू फक्त माझ्या घराचं सामान पाठवलंस. तुझा माल वाईट आहे, याहून मला हेच जास्त लागलं. मी सापडले म्हणून मला खरा मिळाला. काका अजून परकेच आहेत.

तो डबा मी त्यांच्या मुलीला दिला. काका घेत नव्हते. तुमचं तुम्हाला राहू दे म्हणाले. मी म्हटलं, माझं नाहीच ते. माझी मशीन कोपऱ्यात उभी आहे. नर्सनं तिच्यावर चादर टाकली, पेशंटसारखी.

नाव लपवलं ही माझी चूक का, असं तू विचारलंस. आठवडाभर मी त्याचा विचार केला. हो, मी तुझ्यापासून लपवलं आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण माझं नाव घेतल्यावरच ज्या दुकानात खरं मिळतं, तिथे मी कोणाला डोळे मिटून पाठवायला नको होतं. काकांच्या मुलीचे तीन आठवडे गेले. तिच्या वर्गात बाकीच्यांनी काम दाखवलं, हिनं दाखवलं नाही. तिला मामा नाही म्हणून हे झालं, असं तिला कसं सांगू?

आईनं मला फीचं लिहिलं. तिनं ते का लिहिलं म्हणून तिला रागावू नकोस. मी ते पत्र वाचून प्रयोगशाळेत गेले, दिवसभर सह्या केल्या, आणि प्रत्येक सहीच्या वेळी हात थांबला. मी शिकले त्याची लाज वाटत नाही. पण कितीजणांच्या घरी ते डबे गेले असतील त्यांची मोजदाद माझ्याकडे नाही, तुझ्याकडेही नाही. माझ्यासाठी केलंस असं आई म्हणते. मला विचारलं असतंस तर मी वर्षभर थांबले असते, मामा. दोन वर्षं थांबले असते. मला कोणी विचारलंच नाही.

काकांना मी सगळं सांगितलं, तू लिहिलेलंही. ते गुरुवारी रजा घेऊन तुझ्या दुकानात येणार आहेत. जळलेला बोर्ड आणि आमचे दोन्ही खोटे डबे पिशवीत घालून आणतील. मी त्यांच्याबरोबर येते आहे. बोर्ड बदलून दे एवढं त्यांचं मागणं आहे. माझं मागणं असं की उरलेले डबे ज्यांना दिलेस त्यांतले जे आठवतील त्यांना कळव. कोणाचं घर जळायच्या आत कळव.

ते मवाळ माणूस आहेत, कुजबुजल्यासारखं बोलतात. तुझे दोन्ही कान शाबूत आहेत, तरी मी त्यांना एक सांगून ठेवलंय. मामांना हल्ली डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं बोला. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असली तरी आवाज उतरवू नका.

माया होती, ती आहे. ती राहू दे असं तुला लिहायला मात्र आज हात उचलत नाही.

भाची