ओट्यावर आठ जण

प्रिय भारतभाऊ यांस,

महागावच्या तांड्यावरून तुमच्या बहिणीचा नवरा देवसिंग याचा राम राम. यवतमाळात तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा. इकडे सेवालाल महाराजांच्या कृपेने माणसं बरी, कपाशी बरी, म्हैस मात्र रुसलेली. तुमच्या भाचीचा, बबिताचा साखरपुडा पार पडला. तुम्ही आला नाहीत. (पुष्पा शेवटच्या एसटीपर्यंत फाट्याकडे पाहत होती.)

पण झालेली गंमत ऐका. बबिता बीएस्सीला असल्यामुळे आमच्या भिंतीवर महाराजांच्या तसबिरीशेजारी मूलद्रव्यांचा तक्ता टांगलेला आहे. दिवा लावताना माझे हात दोघांनाही जोडले जातात. एकदा तिला विचारलं, बाई, ही घरं कोणत्या हिशेबाने मांडली? ती म्हणाली, एका उभ्या ओळीतले सगळे एका स्वभावाचे. बाहेरच्या कक्षेत किती इलेक्ट्रॉन, त्यावर स्वभाव ठरतो. (मी कक्षेला ओटा म्हणतो, तुम्हीही म्हणा.) सोडियम, पोटॅशियम पहिल्या ओळीतले. त्यांच्या ओट्यावर एकच जण, आणि तो कधी एकदा दुसऱ्याच्या गळ्यात मारतो असं त्यांना झालेलं. पाणी लागलं की भडकतात, म्हणून रॉकेलात बुडवून ठेवावे लागतात. (मला लगेच हरिसिंगकाका आठवले.) सतराव्या ओळीत ओट्यावर सात. ही तिखट जात, आठव्यासाठी जीव टाकते. (माझी बहीण इंदूबाई. पानात सात पुऱ्या असल्या तरी नजर आठवीवर.) आणि शेवटच्या ओळीत ओटा भरलेला, आठच्या आठ. (हेलियमचं घर लहान, ते दोघांतच भरतं.) त्यांचं कोणाशी देणं नाही, घेणं नाही, भांडणही नाही. हे ऐकताना पुष्पाने माझ्याकडे पाहिलं. आम्ही कोणाचं नाव घेतलं नाही.

मला वाटलं, देवाने सारी सृष्टी ज्या मांडणीत बसवली, त्या मांडणीत आपली पंगत का बसू नये? आपल्याकडे पंगत मानाने बसते आणि मानावरूनच पेटते. म्हणून साखरपुड्याला मी ती स्वभावाने बसवली. तापट एका ओळीत, तिखट दुसऱ्या ओळीत, मधे बैलगाडी जाईल एवढं अंतर. भांडण झालं नाही, पण बोलणंही झालं नाही. तापटांत प्रत्येकाजवळ एक गाऱ्हाणं, घेणारा कोणी नाही. तिखटांत सगळे ऐकायला टपलेले, सांगणारा नाही. फार तर दोघी-दोघी कुजबुजत होत्या. व्याही माझ्या कानाशी लागले, "देवसिंगभाऊ, तांड्यात कोनी मेलं का जी?"

तेवढ्यात वाढणाऱ्याकडून काकांच्या धोतरावर पाणी सांडलं. "काहून रे, मले आंघोळ घालून राह्यला का?" काका उठलेच. मी डोळे मिटून महाराजांचं नाव घेतलं. उघडतो तर इंदूबाई आपलं पान उचलून काकांशेजारी बसलेली. "बसा काका. मले सांगा सारं, पहिल्यापासून!" काकांनी जन्माचं गाऱ्हाणं तिच्या पदरात टाकलं आणि हलके झाले. दोघं हसू लागले. मग सगळी पंगत ओळी मोडून एकमेकांत मिसळली, आणि भात कमी पडेपर्यंत कोणी उठलं नाही.

बबिता म्हणाली, "बापू, सारख्या गुनाचे एका ओळीत ठेवतेत ते ओळखाले, जेवाले नाही. सोडियम भडकते, क्लोरीन इखारी, पन दोघं भेटले की मीठ होते."

मी पानातलं मीठ कपाळाला लावलं.

हे पत्र ओट्यावर बसून लिहितो आहे. शेजारी एक जागा मोकळी आहे.

तुमचा,
देवसिंग

ता. क. लग्नात नवरीच्या पाठीशी मामा लागतो. मामा आल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही, असं बबिता म्हणते. तुमचं आमच्याशी भांडण असतं तर बरं होतं, मिटवता तरी आलं असतं.

आणखी एक. भरल्या ओट्याच्या ओळीतही झेनॉन म्हणून एक आहे, तो जुळतो म्हणे. फक्त त्याच्यासमोर सतराव्या ओळीतलं सगळ्यांत तिखट असं फ्लोरीन आणून बसवावं लागतं. म्हणून हे पत्र पोस्टाने न पाठवता इंदूबाईच्या हाती देत आहे. (पाकीट नीट चिकटवलं आहे.) तुम्ही हे वाचाल तेव्हा ती समोरच बसलेली असेल, आणि तुम्हाला घेतल्याशिवाय उठणार नाही. पुऱ्या आठ करा.