एकोणतिसातला रुसलेला

प्रिय नजमा,

आज शनिवारच्या प्रशिक्षणात तुझ्या जागेवर मी उभी राहिले, आणि तिथेही भाव तूच खाल्लास. गेल्यावर तरी माणसाने दुसऱ्याला जागा द्यावी की नाही? तू असतीस तर परतीच्या रिक्षात भांडले असते. आता लिहून भांडतेय.

आपण दोघी बालवाडीत शिकवायला एकदमच लागलो, कोर्सही एकाच बाकावर बसून केला. तरी दर शनिवारी गणिताच्या प्रशिक्षणात मॅडम म्हणायच्या, "नजमा, तू कसं शिकवतेस ते दाखव बघू." मी शेजारीच बसलेली असायचे गं! मला काय गणित येत नव्हतं?

सगळ्यात जास्त झोंबलं ते एकोणतीस. मोठ्या शिशूतली आपली पोरं एकोणतीस म्हटलं की हमखास ३९ लिहायची. कानावर तीस पडतं, मग ती तिनापासूनच सुरुवात करणार. मी आपली घसा फोडून सांगायचे, एकोण म्हणजे एक कमी. पोरं माना डोलवायची आणि पुन्हा ३९.

आणि तू काय सांगितलंस? "सगळे तिसाच्या घरी निघाले, पण एक रुसून बसला. तो आल्याशिवाय दार उघडत नाय. मग सगळे अजून कुठं? विसाच्याच घरी!" पोरांनी धडाधड २९ लिहिलं. प्रशिक्षणात तू हे सांगितलंस तेव्हा सगळ्याजणींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण पोटात दुखत होतं. इतकं साधं मला का नाही सुचलं?

तू गेलीस त्या दिवशी तुझ्या घरी आले होते. तळोज्यापासून, सुकापूरपासून पोरांच्या आया आल्या होत्या. चपला ठेवायला जागा नव्हती. तुझ्या जावेला धरून रडताना मनात आलं, माझ्यासाठी इतक्या येतील का? हसू नकोस. तुझ्या मयतीतसुद्धा मी जळत होते.

म्हणून आजची तयारी मी जीव तोडून केली होती. काड्या आणल्या, दहादहाचे गठ्ठे, प्रत्येकाला रबर. एकदा तरी बायकांनी म्हणावं, ही मेधाची पद्धत. एवढंच हवं होतं मला. दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या हातात घेऊन मी सुरुवात केली, तर सुकापूरच्या बालवाडीवर नवी लागलेली मुलगी म्हणते, "टीचर, ते नजमा टीचरचं रुसलेल्याचं सांगा ना."

"आज काड्या," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

तेवढ्यात चहावाल्या मावशी दारात आल्या. "नेहमीसारखे तीसच ना?"

ती नवी मुलगीच म्हणाली, "एकोणतीस, मावशी."

मागून कोणीतरी हळूच पुटपुटलं, "एक रुसलाय."

नजमा, मी त्या नऊ काड्यांना रबर लावायला गेले. सवयीने. मग थांबले. दहावी काडी असल्याशिवाय गठ्ठा बांधायचा नाही, हे मीच पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. तशाच सुट्या काड्या हातात धरून बायकांसमोर रडले. इतकी वर्षं तुझ्यावर जळत होते, कारण तू शेजारी होतीस. आता कोणावर जळू?

पुढच्या शनिवारी रुसलेल्याची गोष्ट मी सांगेन, आणि तुझं नाव घेऊनच सांगेन, हे वचन. पण त्यानंतर काड्या काढणार आहे, आणि त्या माझ्या आहेत. तिथे मध्ये यायचं नाही.

आणि यायचंच असलं तर ये. रबर माझ्याकडे आहे.

अजूनही तुझ्यावर जळणारी,
मेधा