धाकटीच्या जागी अक्का

गुरुवार, ता. ४
चि. धाकटीस अक्काचे आशीर्वाद.

वि. वि. कालचं सोंग मी पुन्हा करणार नाही, आधीच सांगते. डोक्याला तुझा रुमाल, अंगात तुझा गाऊन, आणि दवाखान्यातली नर्स व्हिडिओच्या फोनवर तू समजून मला विचारतेय, ताप येतो का, जेवण जातं का. तू दाराआडून मान हलवायचीस आणि मी हो ला हो. मग म्हणाली, तोंड उघडून दाखवा. दाखवलं. घोड्यासारखे दात माझे, एक फोड नाही. पोरगी केवढी खूश. म्हणे, केमो छान सोसलीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोडांनी तुझ्या तोंडात पाणी जाईना आणि शाबासकी मी घेऊन आले.

ती डॉक्टरांना हेच सांगणार आणि ते पुढचा डोस तसाच चढवणार. मास्तरांनी तुझ्या वाटच्या छड्या मला मारल्या ते चाललं, हे नाही चालायचं. टकलाची एवढी लाज? उवांपायी माझं डोकं भादरलं होतं, मी कुठे तोंड लपवलं?

बोलताना तुला दुखतं म्हणून लिहितेय. तुझा नवरा डबा न्यायला येईल, त्याच्या हाती देते. हे सोंग त्याच्यापासून लपवायचं तेही माझ्याच गळ्यात, म्हणून पाकीट चिकटवलंय.

अक्का

शनिवार, ता. ६
ती. अक्कास सा. न.

टकलाची लाज नाही गं. फोनवर कोपऱ्यात आपलंही तोंड दिसतं ना, त्याआधीच्या खेपेला मी बसले तर तिथे माझ्या जागी आई बसली होती. शेवटच्या महिन्यातली. तुझं तोंड दिसलं की वाटतं, मी अशी होते. तुला खोटं बोलायला लावलं, शरमेने मान वर होत नाही. तरी या बुधवारी एकदाच बस.

तुझीच,
धाकटी

रविवार, ता. ७
चि. धाकटीस आशीर्वाद.

उवांचं लिहिलं ते खोडून टाक. माझ्या जिभेला हाड नाही.

पण ऐक. आईला कसं वाटतं म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. तुला दर बुधवारी एक परकी पोरगी विचारते, आणि आपण दोघी घोड्या तिलाच फसवतोय. त्या कोपऱ्यावर मी चिकटपट्टी लावते. तू तिच्याकडे बघ, स्वतःकडे नको. मी शेजारी बसते आणि बोलणी आधी मी खाते.

फोड मात्र बुधवारपर्यंत थांबणार नाहीत. माझा राग कर, माया सोडू नकोस, आणि उद्या सोमवारी डब्याबरोबर हो की नाही ते लिहून पाठव. डबा नुसताच आला तर मी नर्सला फोन लावते, माझ्या नावाने.

अक्का