बाबांच्या फोनवरून

प्रिय सलिल,

पत्र बघून तू आधी हसशील. वाघोलीहून धायरीला पत्र, म्हणजे हेमाताईचं डोकं फिरलं, असं म्हणशील. म्हण. फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, आणि मेसेजवर माझा विश्वास उरलेला नाही, का ते तुला ठाऊक आहे. हाताने लिहिलेलं असलं की कोणी लिहिलंय ते निदान अक्षरावरून कळतं. परवा ऑपरेशनची तारीख सांगताना तू माझ्याकडे एक गोष्ट मागितलीस. तिचं उत्तर देते, पण आधी मला टोकियोबद्दल बोलू दे. इतकी वर्षं आपण दोघंही त्या विषयाला वळसा घालून चाललोय.

त्या ऑलिंपिकला दुभाषी म्हणून माझी निवड झाली, तेव्हा अख्ख्या सोसायटीला सांगत सुटले ते बाबाच. माझ्या तोंडावर मात्र एवढंच, की लोक दारं लावून घरात बसलेत आणि ही बाई सगळ्या जगाचा खोकला गोळा करायला निघाली. उतरल्या उतरल्या विमानतळावर नळीत थुंकी भरून द्यायची होती. तोंडाला पाणी सुटावं म्हणून समोर लिंबाचा फोटो चिकटवलेला. मी तो बाबांना पाठवला. उत्तर आलं, थुंकायला परदेशी जाणारी तू आपल्या घराण्यातली पहिलीच. ते उत्तर बाबांचंच होतं, कारण लगेच त्यांचा फोनही आला आणि स्वतःच्या विनोदावर ते पोटभर हसले.

मैदानाबद्दल मी कोणाशीच फारसं बोलले नाही. प्रेक्षकांना बंदी होती. खुर्च्या वेगवेगळ्या रंगांच्या, अशा विखरून बसवलेल्या की लांबून गर्दी भरल्यासारखी वाटावी. पहिल्यांदा आत शिरले तेव्हा मी खरंच फसले, वाटलं, सोडलं वाटतं लोकांना. जवळ गेले तर कोणी नाही. जिंकणाऱ्याने तबकातलं पदक उचलून स्वतःच स्वतःच्या गळ्यात घालायचं, कारण दुसऱ्याने हात लावायचा नाही. अजून ते स्वप्नात येतं. मी खुर्च्यांमधून माणूस शोधत हिंडते, आणि जिथे कोणी बसलंय असं वाटतं तिथे नुसता रंग असतो.

आणि माझं काम काय, तर वाईट बातम्या सांगायचं. कोणाची तपासणी पॉझिटिव्ह आली की डॉक्टर जपानीत बोलणार आणि मी ते त्या खेळाडूला समजावणार. एका मुलीचा सामना होता त्याच सकाळी तिचा रिपोर्ट आला. तिचे प्रशिक्षक माझ्या विनवण्या करत होते, निदान तिची न्याहारी तरी होऊ द्या. नियम नियम होता, मी सांगितलं. ती रडली नाही. माझ्याआधी हे किती जणांना कळलं, एवढंच तिने विचारलं. तेव्हा मला तो प्रश्न विचित्र वाटला होता.

उद्घाटन झालं आणि बाबांचे फोन थांबले. घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, असा त्यांच्याच फोनवरून मेसेज आला. मी तो खरा धरला. रोज लिहीत राहिले, रोज उत्तर येत राहिलं, तितकंच तिरकस. खेळाडूंच्या पुठ्ठ्याच्या पलंगांचा फोटो पाठवला, तर म्हणे, आपल्या रद्दीवाल्याला भाव विचारून ठेवतो. आणि समारोपाच्या दिवशी एकच ओळ आली. हेमा, नाव काढलंस. पन्नाशीला टेकलेली बाई मी, जिन्यात बसून मास्क भिजेपर्यंत रडले. जन्मात पहिल्यांदा बाबा मला तसं म्हणाले होते.

मग तू मला घ्यायला मुंबईला आलास. गाडीत बसताना टोपी काढलीस, आणि तुझ्या डोक्यावर नुकते उगवलेले केस दिसले. तुला काही सांगावंच लागलं नाही. तेरावं होऊन गेलं होतं. वॉचमनला माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं, खालच्या मजल्यावरच्या सुहासिनीबाईंना माहीत होतं. फक्त मला नव्हतं.

तुला येता आलंच नसतं ताई, असं तू म्हणालास. कबूल आहे. बाबांना तूसुद्धा लांबूनच पाहिलंस, पीपीई सूट घातलेल्या परक्या माणसांनी त्यांना नेलं. तिथून घरी येऊन, त्यांचा फोन उघडून, तू मला विनोद लिहीत बसलास. ते तुला कसं जमलं असेल, याचा विचार केला की माझा राग निम्मा होतो. निम्माच होतो. कारण ज्या दिवसांत मी रडायला हवं होतं, त्या दिवसांत मी गेलेल्या माणसाला पलंगांचे फोटो पाठवत होते. तू नक्कल फार हुबेहूब केलीस रे. आजही चहा जास्त उकळला की बाबा माझ्या डोक्यात काहीतरी खवचट बोलतात, आणि तो आवाज त्यांचा की तुझा, हे मला सांगता येत नाही. माझे खरे बाबा कुठे संपले तेच मला सापडत नाही. ती 'नाव काढलंस'ची ओळ तुझी आहे हे कळूनसुद्धा मी पुसलेली नाही.

आणि परवा तू मला काय सांगितलंस? ओवी नागोयाला आशियाई स्पर्धांमध्ये दुभाषी म्हणून गेलीय, तिला ऑपरेशनचं कळू द्यायचं नाही. आणि ताई, माझं काही बरंवाईट झालंच, तर स्पर्धा संपेपर्यंत माझ्या फोनवरून तूच तिला लिहीत राहा, माझी पद्धत तुला पाठ आहे. सलिल, मी लिहिणार नाही. आज सकाळी मी तुझ्या मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग तुझ्यावर भयंकर चिडली, आणि मग तिने तिकीट काढलं. आता विमानं चालू आहेत, कोणी कोणाला अडवत नाही. तुला उद्या हे पत्र मिळेल, गुरुवारी ती पोचेल आणि शुक्रवारी तुला आत नेतील. माझ्याशी बोलणं टाकायचं असेल तर खुशाल टाक. पण मधली ती एक संध्याकाळ तुमची दोघांची आहे. पोरीला जे काही म्हणायचं राहिलं असेल, ते तिच्या समोर बसून, तुझ्या तोंडाने म्हण.

तुझीच, तुझ्यावर रागावलेली आणि तुझ्यासाठी घाबरलेली,
हेमाताई