टोक वर, तोंड आपल्याकडे

१४ नोव्हेंबर १९६६. तारापूर.

नलू आली. बोईसरला उतरून एसटीने. कपड्यांची एकच पिशवी, आणि मांडीवर मायक्रोस्कोपची पेटी. वाटेत कुणाला हात लावू दिला नाही म्हणे. आक्काची मुलगी, सत्तावीस वर्षांची. मुंबईच्या एका संस्थेत समुद्राच्या तळाचा चिखल तपासते. तिथे एका खोलीत चौघी, उजेड नाही. म्हणून महिनाभर रजा घेऊन इकडे. माझं लिहिण्याचं टेबल दिलं तिला, खिडकीजवळचं. गणपतीपासून त्यावर एक गोष्ट अर्धी पडली आहे, तिलाही जरा विश्रांती.

१६ नोव्हें.

आज मीही डोळा लावून पाहिलं.

मला वाटलं होतं चिखल दिसेल. चिखल धुऊन गेलेला. उरल्यात त्या कण्या, तांदळाच्या कणीहून कितीतरी बारीक, आणि प्रत्येक कणी म्हणजे एक शंख! वेटोळं, टोक, तोंड, सगळं जागच्या जागी. वर उजेडात तरंगणारे जीव, मेल्यावर घर खाली पडतं. हजारो वर्षं पडतंच आहे. मी डोळा काढेचना. न. म्हणाली, "मावशी, श्वास बाजूला सोड, काच धुरकटली."

गार पाण्यातल्या कण्या बहुतेक डाव्या वळणाच्या, कोमट पाण्यातल्या उजव्या. का, ते तिलाही नीट माहीत नाही. पण मोजलं की त्या वेळचं पाणी कळतं.

१७ नोव्हें.

न.कडून समजून घेतलं ते लिहून ठेवते. जहाजाने दूर दक्षिणेच्या समुद्रात, जिथं तिकडचं गार पाणी आपल्याकडच्या कोमट पाण्याला भेटतं, तळात दोन दूरदूरच्या ठिकाणी नळी खुपसून चिखलाच्या दोन लांब कांड्या आणल्या. (जहाजावर बायकांना घेत नाहीत. तिने विचारलं होतं. हसले.) एक नळी कापून तिला दिली. वरपासून खाली बोटाबोटाचे चाळीस नमुने, चाळीस कुप्या. १ म्हणजे आजचा, ४० म्हणजे हिमयुगातला. एका बोटात कित्येक पिढ्या.

दुसरी नळी अजून बंद. पहिलीत काही दाखवण्यासारखं निघालं तरच तिचे संस्थेतले सर ती कापू देणार. नाही तर मांडणीवर वाळून जाईल.

"आणि तुला काय निघायला हवंय?"

"हवंय असं म्हणायचं नसतं मावशी." मग थोड्या वेळाने, "थंडी गेली ती हळूहळू गेली की एकदम, एवढंच."

सर म्हणतात, समुद्राला घाई नसते.

२० नोव्हें.

न्हाणीघरात कळलं. बादलीत कढत पाणी ओतलं तर वर चटका, तळाशी गारच. न. बाहेरून ओरडून सांगत होती. समुद्राचंही तसंच, फक्त ढवळणारं कुणी नाही, तो स्वतःच फिरतो. ध्रुवाकडचं गार, खारट, जड पाणी बुडतं, तळातून सरकत जगभर जातं, त्याच्या जागी वरून ऊब घेतलेलं पाणी येतं. एक फेरी म्हणजे शेकडो वर्षं. ही फेरी मंदावली की कुठे थंडी, कुठे दुष्काळ. न.ला वाटतं समुद्राला दोन सवयी असाव्यात, आणि एक सोडून दुसरी धरताना तो मध्ये रेंगाळत नसावा.

पाणी निवून गेलं. तसंच अंगावर घेतलं. समुद्र अंगावरून गेल्यासारखं वाटलं, खरंच.

२३ नोव्हें.

हिरूबाय कोळीण दांडीहून बोंबील घेऊन आली. न.ला ब्रशाने कण्या सारताना बघून पाटी उतरवायचीच विसरली.

"काय गो वयनी, भाची रेती निवडते काय तांदलासारखी?"

म्हटलं, शंख मोजते.

"मंग आमचे दांडीला ये ना गो. येवढाले हाईत. मोजायला चष्मा नाय लागत."

न. इतकी हसली की अठरा नंबरची ताटली पुन्हा मोजावी लागली.

२५ नोव्हें.

न.चे डोळे आले. लाल, चिकट. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस मायक्रोस्कोपला डोळा लावायचा नाही. वीस कुप्या झाल्यात, वीस राहिल्या. रजा मोजकी. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती, रडली नाही.

संध्याकाळी मी म्हटलं, मी मोजते. तू फक्त सांग.

"डावी कुठली, उजवी कुठली, एवढंच बघायचं. जमेल?"

"रोज देवघरात शंखाची पूजा करते ग मी. मला नाही कळणार तर कुणाला?"

२८ नोव्हें.

२१ ते २७ झाले. मान धरली. दुपारी नव्या वीजघराच्या बांधकामाच्या बाजूला खडक फोडायचे सुरुंग उडतात, तेवढ्या वेळ हात उचलून बसायचं, कण्या ताटलीत नाचतात. पण आनंद! प्रत्येक कणीला ब्रशाच्या दोन केसांनी उठवून बसवायचं, तोंड बघायचं, वहीत रेघ. डा. उ. डा. डा. एकही कणी दुसरीसारखी नाही. मी चव्वेचाळीस वर्षांत इतकं लक्ष देऊन काही पाहिलं आहे का?

आक्काचं पत्र. चिखल पुरे म्हणावं, वाड्याचं स्थळ थांबलं आहे. न.ने पत्र घडी घालून ताटलीखाली टेकू म्हणून ठेवलं.

३ डिसेंबर.

संपले चाळीस. न. बऱ्या डोळ्याने माझी वही वाचत गेली. वीसपर्यंत तिच्या स्वतःच्या, बहुतेक उजव्या. एकविसापासून एकदम डाव्या. चौतिसापासून परत उजव्या.

उठून टेबलाभोवती फेरी मारली तिने. "मावशी, दोनदा फिरला! दोनदा, एकेका बोटात!"

तिचा चेहरा असा मी तिच्या लहानपणीही पाहिला नव्हता. लगेच सरांना पत्र. ह्यांनी वाडीत जाता जाता टपालपेटीत टाकलं.

५ डिसें.

हे लिहायचं नाही असं वाटतं आहे.

हिरूबाय आली ती पदरात काही बांधून. नवऱ्याच्या जाळ्यात आलेला शंख. "वयनी, तुमी बामनाचे. बगा गो, उजवा हाय काय. उजवा आसल तं देवाचा."

मी हातात घेऊन बघितला. म्हटलं, "नाही ग बाई, डावाच. नेहमीचा."

न. पलंगावरून म्हणाली, "उजवाच तर आहे."

"अगं, हा डावा! उजवा लाखात एक. हिरूबाय राणी झाली असती."

"मावशी, हा उजवा. सगळे असेच असतात." मग एकदम, अगदी हळू, "तू कसा धरलायस?"

मी धरला होता तसा, पूजेत धरतात तसा. टोक खाली, निमुळती चोच वर. न.ने तो माझ्या हातात उलटा केला, टोक वर. तोंड डावीकडचं उजवीकडे गेलं.

"आणि कण्या?"

कण्याही तशाच. वीसच्या वीस ताटल्या. टोक खाली.

हिरूबाय आमच्या तोंडांकडे बघत होती. "काय गो, मेलं कोन?"

६ डिसें.

जेवण गेलं नाही. एकविसावर समुद्र फिरला नव्हता, तिथे मी बसले होते. आणि पत्र गेलेलं.

हे म्हणाले, चूक झाली, सांगून टाक. सांगायचं काय, तिनेच पकडली. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. सकाळी अंघोळ करून आली, वही उघडी ठेवून म्हणाली, "तुझ्या रकान्यांची नावं बदलली की झालं, असं वाटतं ना? पण मग ते मी मोजलं असं होणार नाही." आणि एकवीस नंबरची कुपी काढली.

मी आयुष्यात कितीतरी सुंदर वाक्यं लिहिली, ती खरी नाहीत हे माहीत असून ठेवली. तिने तीन दिवसांपूर्वीचा आपला आनंद एका सकाळीत पुसला. कपाळावर आठी नाही.

८ डिसें.

सरांना दुसरं पत्र. मला वाचून दाखवलं. "माझ्याकडून मोजणीत चूक झाली." मी म्हटलं, तुझ्याकडून नाही, माझं नाव घाल. नाही म्हणाली. "सांगताना मी नीट सांगितलं नाही, ती माझीच." बोईसरला मी स्वतः जाऊन टाकलं. गाडीतून बांधकामाची माणसं उतरत होती, हिंदीत कुठली तरी चाळ विचारत. सगळे कुठून तरी आलेले. मी पेटीपाशी उगाच उभी राहिले.

९ डिसें.

दुसरा मायक्रोस्कोप नाही, म्हणून पाळीपाळीने. सकाळी ती, दुपारी मी. मला पुन्हा बसवलं! टेबलावर पुठ्ठ्याचा तुकडा टाचला आहे: टोक वर, तोंड आपल्याकडे. एकमेकींची वही बघायची नाही.

१३ डिसें.

दोन वह्या शेजारी ठेवल्या. एकवीसला काही नाही, अपेक्षेप्रमाणे. वरपासून तेहतीसपर्यंत उजव्या. चौतीसपासून खाली डाव्या. दोघींचंही तेच.

एक उडी खोटी होती, ती गेली. दुसरी राहिली. मी नावं उलटी लिहिली होती तेव्हाही ती तिथेच होती. हिमयुगाची थंडी गेली ती ह्या दोन बोटांच्या मध्ये कुठे तरी.

न. आनंदली नाही. बोट त्या दोन रकान्यांवर ठेवून बसून राहिली.

"मधला चिखलच वाहून गेला असेल तर?" तीच म्हणाली. "तर उडी दिसेल, पण झालेली नसेल."

पानं फाटली असली तरी गोष्ट एकदम बदलल्यासारखी वाटते, ते मला कळतं. म्हणून दुसरी नळी. ती दूरच्या ठिकाणची. तिथेही तीच पानं फाटणार नाहीत.

१५ डिसें.

दोघी दांडीला गेलो. हिरूबायचा नवरा होडीत, जाळ्याचं तोंड भरतीकडे. पाणी थांबलेलं.

"आता फिरंल," हिरूबाय म्हणाली. "पानी कुनाला इचारत नाय. थांबतं, मंग जाल्याचं तोंडच फिरतं."

मी न.कडे पाहिलं, डोळ्यांनीच, बघ, म्हटलं नव्हतं? न. म्हणाली, "ती भरती-ओहोटी, मावशी. चंद्राची. ही वेगळी." मग हिरूबायला, "थांबतं ते किती वेळ थांबतं?"

"पान खाऊन होतं गो."

न.ने ते लिहून घेतलं.

२० डिसें.

सरांचं उत्तर. चार ओळी. चूक स्वतः कळवलीत हे बरं केलंत. उरलेली उडी हा चिखलातला खंडही असू शकेल, समुद्राबद्दल आत्ताच काही म्हणू नये. दुसऱ्या नळीचं समक्ष बोलू.

न.ने तीनदा वाचलं. "नाही म्हटलेलं नाही," म्हणाली. लगेच सामान बांधायला घेतलं.

२२ डिसें.

गेली. पेटी मांडीवर. टेबल रिकामं, पुठ्ठा टाचलेलाच. अर्धी गोष्ट काढून वाचली. दुसरं पान खोटं आहे. फाडलं. मग पहिलंही.

४ जानेवारी १९६७.

पूजेला शंख मांडताना हात अडखळतो आता. देव समजून घेईल. टोक खालीच ठेवते, त्याच्या पद्धतीने.

७ जाने.

न.चं कार्ड. सोमवारी नळी कापणार! सर स्वतः उभे राहणार आहेत. खाली बारीक अक्षरात: "मोजायला दुसरा माणूस लागतो, ज्याला काय निघायला हवं ते माहीत नसेल असा. तुला माहीत आहे. तरी तूच ये."

दुपारभर कार्ड घेऊन हिंडले. मला काय निघायला हवं आहे? ते बाजूला ठेवता येईल का मला? तिला येतं.

ह्यांना दाखवलं. चिकूच्या करंड्या शिवत होते, मान वर न करता म्हणाले, "जा की. शंख तेवढा इथेच ठेवून जा."

पुठ्ठा टेबलावरून काढून पिशवीत घातला आहे. सकाळची गाडी.